सपाट माथ्यांचा मुलूख: सातारा-सांगलीची सहल, कारणांसह

लहान मुलाला डोंगर काढायला सांगितला की ते त्रिकोण काढते. दोन त्रिकोणांच्या मधून सूर्य वर येतो, खाली नदी वाहते. हे चित्र मनात ठेवून सातारच्या एसटी स्टँडबाहेर उभे राहा आणि दक्षिणेला पाहा. समोर अजिंक्यतारा आहे, पण त्याला टोकच नाही. दोन्ही बाजूंनी चढत आलेला डोंगर वर पोचता पोचता अचानक आडवा होतो. सज्जनगडाचे तेच. कासला गेलात तर डोंगरमाथ्यावर चालतो आहोत हे विसरायला व्हावे इतके मोठे मैदान लागते. पाचगणीच्या टेबललँडचे तर नावच त्याच्या सपाटीवरून पडले.

या डोंगरांची टोके कुणी कापली?

सुट्टीत आपण या भागात येतो, एका दिवसात चार ठिकाणे उरकतो, फोटो काढतो आणि परततो. किल्ला, धबधबा, फुलांचे पठार, जुनी विहीर, नदीकाठचे देऊळ या सगळ्या आपल्या लेखी सुट्या गोष्टी असतात. पण वरच्या प्रश्नाचे उत्तर शोधत निघाले, तर या सगळ्या जागा एकाच धाग्यात ओवलेल्या दिसतात. तो धागा म्हणजे पायाखालचा दगड आणि त्यावरून वाहणारे पाणी.

आंबोळ्यांची चळत

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे होण्याच्या सुमारास, आजच्या महाराष्ट्राची जमीन ठिकठिकाणी लांबलचक भेगांनी फाटली. चित्रात दिसतो तसा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी इथे नव्हता. भेगांमधून पातळ, तापलेला शिलारस उतू जाणाऱ्या दुधासारखा बाहेर आला आणि दूरवर पसरला. तो थिजला, काही काळ गेला, मग त्यावर दुसरा लोट आला, त्यावर तिसरा. असे थरावर थर साचून आपला दख्खनचा काळा कातळ, म्हणजेच बेसाल्ट, तयार झाला. आज झिजून उरलेला कातळही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. महाबळेश्वरच्या परिसरात या थरांची उघडी दिसणारी जाडी हजार मीटरहून अधिक भरते.

प्रत्येक थराची रचना समजून घ्यायची तर तव्यावरची आंबोळी आठवावी. पीठ तव्यावर पडले की त्यातली वाफ वर येते आणि वरच्या बाजूला बारीक जाळी पडते, तव्याला लागलेली बाजू मात्र घट्ट, सलग राहते. शिलारसाचेही तसेच झाले. त्यात कोंडलेले वायू वर आले, पण सुटण्याआधीच वरचा भाग थिजला आणि बुडबुड्यांच्या जागी भोके राहिली. थराचा खालचा-मधला भाग मात्र घट्ट, ठणठणीत दगड झाला. पुढे त्या भोकांमध्ये पाण्यातून आलेली खनिजे साचली. रस्त्याकडेच्या काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात, ते हेच.

आता अशा आंबोळ्यांची उंच चळत डोळ्यांपुढे आणा: घट्ट, जाळीदार, पुन्हा घट्ट, पुन्हा जाळीदार. पाऊस, वारा आणि ऊन यांनी जाळीदार भाग लवकर कुरतडला जातो आणि तिथे उतार तयार होतो. घट्ट भाग टिकतो, पण खालचा आधार गेला की त्याचे उभे ढलपे सुटून पडतात आणि तिथे कडा उभा राहतो. म्हणून सह्याद्रीच्या बाजू उतार, कडा, उतार, कडा अशा पायऱ्यांच्या दिसतात. भूशास्त्रात या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातला ट्रॅप हा शब्द जिन्याच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

घाटातून जाताना कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. एक लोट थिजल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला, तेवढ्यात दगड कुजून त्याची माती झाली आणि मग वरून आलेल्या तप्त लोटाने ती विटेसारखी भाजून काढली. तो लाल पट्टा म्हणजे दोन लोटांमधल्या विश्रांतीची खूण आहे.

अजिंक्यतारा किंवा सज्जनगडाचा माथा सपाट का, याचे उत्तर इथे मिळते. थर आडवे पसरलेले आहेत. वरचे थर झिजून गेले आणि एखादा घट्ट थर उघडा पडला की झीज तिथे अडते. तो आडवा थर म्हणजेच गडाचा माथा.

चहाचा चोथा आणि जांभ्याचे झाकण

कास आणि पाचगणी यांची सपाटी मात्र थोडी वेगळी आहे. अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 मीटरवर आहे, तर कासचे पठार सुमारे 1,200 मीटरवर. पाचगणीचे पठार त्याहूनही उंच. तिथे पायाखाली काळा कातळ लागत नाही. लागतो तो तांबूस, खडबडीत, भोकाभोकांचा जांभा.

चहाची पूड पाण्यात पुन्हा पुन्हा उकळत राहिलो, तर विरघळणारे सगळे पाण्यात उतरते आणि शेवटी चोथा उरतो. लाखो वर्षांच्या उष्ण, दमट हवेत मुसळधार पावसाने वरच्या कातळाचे हेच केले. सिलिका, कॅल्शियम, सोडियम यांसारखे घटक पाण्याबरोबर निघून गेले. न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले. लोह गंजले, म्हणून रंग तांबडा आला. जांभा म्हणजे काळ्या कातळाचा हा चोथा. कोकणात घरांसाठी जे चिरे काढतात, ते याच दगडाचे. जमिनीतून काढताना तो मानाने मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो.

टणक झालेल्या जांभ्याने डोंगरांवर झाकण घातले. झाकणाखालचा भाग झिजेपासून वाचला, आजूबाजूचा खचत गेला आणि मध्ये टेबलासारखी पठारे उरली.

कासला फुले आहेत, मग झाडे का नाहीत?

साताऱ्याच्या पश्चिमेला सुमारे 25 किलोमीटरवर असलेल्या कास पठारावर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जमीन दर आठवड्या-पंधरवड्याला रंग बदलते. इथे फुलझाडांच्या 850 हून अधिक जाती नोंदल्या आहेत. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील 39 ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कास आहे.

एवढा पाऊस पडतो, फुले येतात, तर मोठे झाड का वाढत नाही? कारण जांभ्याच्या झाकणावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा आहे. झाडाची मुळे खाली जाऊ शकत नाहीत. पावसाळ्यात त्या मातीत पाणी साचून तिची दलदल होते आणि उन्हाळ्यात तोच दगड तव्यासारखा तापतो. अशा जागी टिकायचे तर आयुष्य आटोपशीर हवे. पहिल्या पावसात उगवायचे, लगबगीने फुलायचे, बी टाकायचे आणि कोरड पडण्याआधी निरोप घ्यायचा. कासच्या बहुतेक वनस्पतींचा हाच क्रम आहे. काही जाती कंदाच्या रूपाने जमिनीत दडून राहतात. वायतुरा ही त्यातली एक. तिचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला असतो आणि तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे: ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस.

दुसरी अडचण अन्नाची. पावसाने धुऊन काढलेल्या या मातीत नत्र फार कमी. म्हणून इथल्या काही वनस्पती कीटक खातात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब चमकतात. पाणी समजून किडा बसतो आणि तिथेच अडकतो. जांभळ्या-निळ्या सीतेच्या आसवांचे गालिचे पाहून सगळे हरखतात, पण त्यांची शिकार ओल्या मातीत, नजरेआड चालते. त्यांच्या धाग्यांवर टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. औषधाच्या ड्रॉपरचा रबरी फुगा दाबून पाण्यात धरला आणि सोडला की तो पाणी आत ओढतो. ही पिशवीही आधी आतले पाणी बाहेर टाकून स्वतःला अशीच दाबून ठेवते. दाराशी असलेल्या केसाला सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की दार उघडते, पिशवी फुगते आणि पाण्यासकट शिकार आत खेचली जाते. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे सगळे घडून जाते.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. कासची सगळी संपत्ती काही बोटांच्या मातीवर उभी आहे. फोटोसाठी एक पाऊल फुलांत टाकले की ती माती दबते, तिच्यात पाणी मुरत नाही आणि पुढच्या वर्षीचे बी तिथे रुजत नाही. पायवाट सोडू नका असे सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

पायऱ्यांवरून कोसळणारे पाणी, कड्यावर उभा गड

कासजवळच भांबवलीचा वजराई धबधबा आहे. तो एका झेपेत खाली येत नाही, तीन टप्प्यांत कोसळतो. कारण आता आपल्याला ठाऊक आहे. घट्ट थरावरून पाणी सरळ खाली पडते, जाळीदार थरावर आपटून त्याला कुरतडते, थोडे आडवे वाहते आणि पुढच्या घट्ट थराच्या काठावरून पुन्हा उडी घेते. सज्जनगडावरून पुढे ठोसेघरला गेलात, तर तिथल्या दरीतही दगडांच्या आडव्या रेषा मोजता येतात.

जो कडा पाण्याला उडी घ्यायला लावतो, तोच शत्रूला थोपवतो. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस साताऱ्याचा किल्ला बांधला, तेव्हा अर्धी तटबंदी निसर्गानेच उभी केलेली होती. शिवाजी महाराजांनी तो 1673 मध्ये घेतला. डिसेंबर 1699 मध्ये औरंगजेबाने स्वतः येऊन वेढा घातला, तेव्हा किल्लेदार प्रयागजी प्रभू होते. तोफांनी काम होईना, म्हणून मोगलांनी कड्याच्या पोटात सुरुंग पेरले. आधी पाहिले तसे बेसाल्टचे उभे ढलपे बाहेरच्या बाजूला सुटतात. एका स्फोटात तटाचा आणि कड्याचा मोठा भाग बाहेर, म्हणजे खाली चढाईसाठी दबा धरून बसलेल्या मोगलांवरच कोसळला आणि त्यांची प्रचंड मनुष्यहानी झाली. पुढे एप्रिल 1700 मध्ये गड पडला आणि औरंगजेबाने त्याचे नाव आझमतारा ठेवले. ताराबाईंच्या फौजांनी तो परत घेतला आणि अजिंक्यतारा हे नाव दिले. 1708 च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला.

कातळाच्या पोटातले पाणी

साताऱ्याच्या उत्तरेला लिंब गावाजवळ बारा मोटांची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी शाहू महाराजांच्या काळात ती बांधली. शिलालेखात शके 1641 ते 1646, म्हणजे इ.स. 1719 ते 1724 हा काळ कोरलेला आहे. विहीर अष्टकोनी, सुमारे 110 फूट खोल आणि 50 फूट व्यासाची. दगडी जिना उतरून गेले की पाण्यालगत एक छोटा महाल लागतो. भोवतालच्या आमराईला पाणी देण्यासाठी ही सगळी रचना होती.

घट्ट कातळात पाणी येते कुठून? आंबोळी पुन्हा आठवा. घट्ट भागातून पाणी जवळजवळ मुरत नाही, पण जाळीदार भाग, थरांमधल्या फटी आणि वरचा कुजलेला मुरूम यांतून ते हळूहळू सरकत राहते. विहीर खणताना अशी एखादी फट सापडली की झरा लागतो. म्हणूनच या भागात एकाच्या शेतात भरपूर पाणी आणि शेजाऱ्याच्या शेतात खडखडाट असे दिसते. फट कुठून गेली, यावर सगळे अवलंबून असते.

पाणी वर यायचे ते मोटेने. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तिला वरती रुंद तोंड आणि खाली हत्तीसारखी सोंड. तोंडाला जाड नाडा बांधलेला, सोंडेला बारीक सोल. मोट वर येत असताना सोलामुळे सोंड वर दुमडलेली राहते, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी आली की नाडा उंचावरच्या चाकावरून तोंड वर ओढतो आणि सोल खालच्या कण्यावरून सोंड पुढे ओढतो. सोंड आपोआप थारोळ्यात उघडते आणि पाणी पाटाला लागते. मोट रिकामी करायला दुसरा माणूस लागत नाही.

बैल ज्या वाटेने चालतात ती धाव उतरती ठेवलेली असते. भरलेली मोट ओढताना बैल उतारावरून खाली जातात, त्यामुळे त्यांचे स्वतःचे वजनही ओढीला मदत करते. रिकामी मोट खाली सोडताना ते उलट्या पावलांनी चढ चढतात, तेव्हा ओझे नसते. अशा बारा मोटा एका वेळी चालायच्या, म्हणून विहिरीचे ते नाव पडले. अष्टकोनाचा उपयोगही इथे कळतो. गोलाकाराजवळ जाणारी भिंत बाहेरच्या मातीचा दाब स्वतःतच वाटून घेते आणि प्रत्येक बाजूला मोटा मांडायला सरळ कडही मिळते.

पूर दुभंगणारे देऊळ

कृष्णा जुन्या महाबळेश्वरात उगम पावते. अरबी समुद्र तिथून अवघ्या 64 किलोमीटरवर आहे, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारे 1,400 किलोमीटरचा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्रीचा पश्चिमेचा भाग कड्याने तुटलेला आहे, पण थरांची चळत एकूण पूर्वेकडे किंचित कललेली आहे. जेवणाच्या ताटाखाली एका बाजूला काडी सरकवली तर आमटी कुठे जाईल, तसेच हे.

उगमापासून वाईपर्यंत येताना ती सुमारे 1,300 मीटरवरून 700 मीटरवर उतरते. पावसाळ्यात हे पाणी वेगाने वाईत शिरते. नदीकाठच्या घाटावर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये ढोल्या गणपतीचे देऊळ बांधले, तेव्हा बांधणाऱ्यांना हे पाणी ठाऊक होते. दर्शन झाल्यावर देवळाच्या मागे जाऊन भिंत पाहा. ती सपाट नाही, माशासारखी निमुळती आहे. सपाट भिंतीवर पाणी थेट आपटते आणि सगळा जोर भिंतीला झेलावा लागतो. निमुळत्या भिंतीवर ते दोन बाजूंना सरकून जाते, नावेच्या नाळेपुढे सरकते तसे. जुन्या दगडी पुलांचे खांब प्रवाहाच्या बाजूला टोकदार असतात, त्याचेही कारण हेच.

वाईपासून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. 1739 मध्ये वसई जिंकल्यावर आणलेल्या चर्चच्या घंटांपैकी एक तिथे आजही टांगलेली दिसते.

सपाटीवरची कृष्णा आणि हळदीची पेवे

वाईनंतर नदीचा स्वभाव बदलतो. माहुलीला वेण्णा मिळते. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना समोरून येते आणि दोघी कडेला वळून एकत्र वाहू लागतात. सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते. वाई ते सांगली हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास असूनही उतार जेमतेम दीडशे मीटरचा आहे. उतार कमी झाला की वेग कमी होतो आणि वेग कमी झाला की नदी आणलेला गाळ खाली ठेवते. काळ्या कातळाची काळी माती होऊन इथे साचली. ऊस, हळद, द्राक्षे यांचा पाया तिने घातला.

याच मंद उताराची दुसरी बाजू म्हणजे महापूर. वरून येणाऱ्या नद्यांचे पाणी एकवटते, पुढे नरसोबावाडीला पंचगंगाही येऊन मिळते आणि निचरा सावकाश होतो. पाण्याला मागे फुगवटा येतो. 1929 मध्ये खुल्या झालेल्या सांगलीच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी मोजतात. तिथे 45 फूट ही धोक्याची खूण आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपर्यंत गेले होते.

हरिपूर संगमासाठी प्रसिद्ध आहे, तसेच पेवांसाठीही. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, रांजणाच्या आकाराचे कोठार: तोंड अरुंद, पोट मोठे. इथल्या खोल, घट्ट मातीत ते खणले तरी ढासळत नाही. त्यात हळद भरून तोंड मातीने बंद करतात आणि ती वर्षानुवर्षे टिकते. जमिनीत खोलवर उन्हाळा-हिवाळ्याचा फरक फारसा पोचत नाही. शिवाय बंद पेवातला प्राणवायू हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यामुळे किडीचा श्वास कोंडतो. औषध न मारता माल सुरक्षित राहतो. याच कारणाने उघडलेल्या पेवात कुणी लगेच उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. 2005 च्या पुरात मात्र पाणी शिरून अनेक पेवे निकामी झाली. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पण पेव पाहिलेली माणसे आता कमी होत चालली आहेत.

चौकट: थोडक्यात

• डोंगरमाथे सपाट, कारण शिलारसाचे थर आडवे आणि त्यांतले घट्ट थर व जांभ्याचे झाकण झीज अडवतात.
• कडे, टप्प्यांचे धबधबे आणि गडांची नैसर्गिक तटबंदी घट्ट व जाळीदार थरांच्या अदलाबदलीतून आली.
• कासला फुले आणि कीटकभक्षी वनस्पती, कारण माती उथळ आणि नत्र कमी.
• विहिरींना पाणी थरांमधल्या फटींतून येते.
• सांगलीची सुपीक माती आणि सांगलीचा पूर, दोन्ही नदीच्या मंद उतारामुळे.
• क्रम असा ठेवावा: महाबळेश्वर-वाई, लिंब, सातारा-कास, कऱ्हाड, हरिपूर. म्हणजे कृष्णेच्या वाटेनेच सहल होते.

पुढच्या वेळी सातारा-सांगलीकडे जाल, तेव्हा यादीतली दोन ठिकाणे कमी करा आणि उरलेल्या प्रत्येक जागी थोडे जास्त थांबा. दरडीतला लाल पट्टा मुलांना दाखवा. देवळाची मागची भिंत हाताने चाचपून पाहा. लिंबच्या विहिरीत कचरा टाकू नका आणि कासला पायवाट सोडू नका. 6.6 कोटी वर्षांत जे घडले, ते बिघडवायला एक सुट्टीचा हंगाम पुरतो. राखले, तर ते पुढच्या पिढीलाही पाहता येईल.